‘सेट’चं करायचं काय? नाशकात नव्याने कामाला लागलेल्यांसाठी एका इंग्रजी शब्दाची उकल

दही लावतात, गजर लावतात, गाण्याला चाल लावतात, आगही लावतात. अंगठीत खडा बसवतात, मोडलेलं हाड बसवतात. जेवणाची पानं मांडतात, लग्नाची तारीख ठरवतात, परीक्षेचा पेपर काढतात. या सगळ्या कामांना इंग्रजीत एकच शब्द पुरतो: सेट.

१९८९ साली ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. ४३० अर्थ आणि सुमारे ६० हजार शब्दांचा मजकूर. पुढे ‘रन’ने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकलं, पण त्यामुळे आपला त्रास काही कमी झाला नाही. सातपूर-अंबडच्या कंपनीत, निफाड-दिंडोरीच्या बागेत, बँकेत किंवा वकिलाच्या कचेरीत रोज कानावर पडतात ते अर्थ पंचवीस-तीसच आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला ते पाठ करावे लागत नाहीत, ओळखता आले की झालं. ओळखायची रीत खाली दिली आहे.

घाबरण्याचंही कारण नाही. फोन लावणे, दार लावणे, झाड लावणे, दिवा लावणे, नंबर लावणे आणि वाट लावणे हे सगळं एकाच क्रियापदात बसवणारी आपली भाषा आहे. परक्या माणसाला ‘लावणे’ शिकवण्यापेक्षा आपण ‘सेट’ शिकणं पुष्कळ सोपं.

आधी मूळ समजून घ्या

‘सिट’ म्हणजे बसणे. जुन्या इंग्रजीत त्यापासूनच ‘सेट’ झालं, म्हणजे बसवणे. बसणे-बसवणे, उठणे-उठवणे ही जोडी आपल्याला नवी नाही. या ‘सिट’चं आणि संस्कृत ‘सद्’ धातूचं मूळही एकच आहे. सदन, संसद, परिषद हे शब्द त्या ‘सद्’चेच. गजर सेट करणं म्हणजे काटा एका जागी बसवणं. दर सेट करणं म्हणजे आकडा एका जागी बसवणं. हाड, खडा आणि मशीनमधलं टूल यांचंही तसंच. काही एका ठरावीक जागी, ठरावीक स्थितीत बसवलं की ते सेट झालं. मराठीत त्याला कधी ‘बसवणे’ म्हणतात, कधी ‘लावणे’, कधी ‘ठरवणे’, कधी ‘मांडणे’. ही चार क्रियापदं पक्की लक्षात ठेवा, पुढे सतत लागतील.

‘भांड्यांचा सेट’ मात्र या घराण्यातला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला. मागे लॅटिनमधला अनुयायांच्या गटाचा शब्द आहे, म्हणजे अर्थ जमाव, गट, संच असा. दोन वेगळे शब्द एकाच चेहऱ्याने वावरतात, म्हणून पहिली पायरी त्यांना वेगळं काढण्याची.

पायरी १: संच आहे की क्रिया?

‘सेट’च्या आधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘वन’ यांपैकी काही असेल किंवा मागोमाग एका ‘एफ’चा ‘ऑफ’ (‘चा-ची-चे’ या अर्थाचा) असेल, तर ते नाम धरा. ‘अ सेट ऑफ स्पॅनर्स’ म्हणजे पान्यांचा संच. दुकानात १२ नगांचा दुहेरी पान्यांचा सेट मिळतो, ६-७ पासून ३०-३२ पर्यंत. त्यातला १०-११ किंवा १२-१३ चा पाना पहिला हरवतो, कारण एम ६ च्या बोल्टला १० चा आणि एम ८ च्या बोल्टला १३ चा पाना लागतो आणि कंपनीत हेच बोल्ट सगळीकडे असतात. तो हरवल्यावर स्टोअरला लिहायचं: ‘द सेट इज इनकम्प्लीट.’ पाने १२ असले तरी संच एकच, म्हणून ‘इज’. इथे ‘आर’ लिहिण्याची चूक हमखास होते.

भांडीबाजारातला तांब्या-पेल्याचा सेट, सराफ बाजारातला हार-कानातल्यांचा सेट, शाळेच्या गणितातला ‘संच’ हे सगळे याच गटातले. हॉटेलातला सेट डोसासुद्धा, कारण तो एकटा येत नाही, दोन-तीन एकत्र येतात.

काही नामं मात्र संच नसतात. सिनेमाचा सेट म्हणजे उभारलेली जागा. टीव्ही सेट म्हणजे अख्खा टीव्ही. त्यावर ठेवायची पेटी ती सेट-टॉप बॉक्स. तिला अर्धं शहर ‘सेटअप बॉक्स’ म्हणतं आणि केबलवाल्यालाही ते कळतं, पण तक्रार इंग्रजीत लिहायची असेल तर ‘टॉप’च लिहा. कंपासपेटीतला गुण्या तो ‘सेट स्क्वेअर’. व्हॉलीबॉलचा सेट २५ गुणांचा, पाचवा १५ चा, आणि दोन्हींत किमान दोन गुणांची आघाडी हवी. टेनिसचा सेट सहा गेमचा. बॅडमिंटनमध्ये नियमाप्रमाणे ‘गेम’ असतो, सेट नसतो, तरी मैदानावर सगळे सेटच म्हणतात.

आणि ‘सेट-नेट झालंय का?’ असं कोणी विचारलं, तर यातलं काहीच नाही. ती प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, आद्याक्षरांनी झालेलं नाव. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

पायरी २: रूप तपासा

हे क्रियापद भूतकाळात बदलत नाही. आज सेट, काल सेट, ‘हॅव’ लावलं तरी सेट. ‘सेटेड’ असं रूपच नाही. मग काळ ओळखायचा कसा? ‘ही सेट्स द अलार्म’ म्हणजे तो रोज गजर लावतो. ‘ही सेट द अलार्म’ म्हणजे त्याने गजर लावला. फरक फक्त शेवटच्या ‘स’चा, आणि तो ‘स’ बोलताना आपल्याकडे गिळला जातो. शिफ्ट संपताना तुम्ही ‘ही सेट द मशीन’ म्हणालात, तर समोरचा समजणार की काम झालंय. ‘येस्टरडे’, ‘ऑलरेडी’, ‘एव्हरी डे’ असा वेळेचा शब्द सोबत टाका, घोळ मिटतो.

‘सेटिंग’ लिहिताना ‘टी’ दोनदा येतो. ईमेलमध्ये ही चूक लगेच डोळ्यात भरते.

पायरी ३: कर्म पाहा, क्रियापद आपोआप सापडतं

‘सेट’च्या पुढे काय आलंय ते पाहा आणि बसवणे, लावणे, ठरवणे, मांडणे ही चारही घालून पाहा. एक तरी बसतंच.

तारीख, दर, उद्दिष्ट, मर्यादा, नियम आले तर ठरवणे. ‘सेट अ टार्गेट’, ‘सेट द प्राइस’. गजर, घड्याळ, चाल, विरजण, आग आली तर लावणे. आगीच्या बाबतीत शब्दांची जागा सांभाळा. ‘सेट फायर टू द ग्रास’ आणि ‘सेट द ग्रास ऑन फायर’ दोन्ही बरोबर, पण ‘सेट फायर द ग्रास’ चूक. टेबल आलं तर ताटं मांडणे. खडा, हाड, टूल आलं तर बसवणे. पेपर आला तर काढणे, म्हणून पेपर काढणारा ‘पेपर सेटर’. उदाहरण आलं तर घालून देणे, विक्रम आला तर करणे. ही दोन-तीन चौकटीबाहेरची आहेत, ती तशीच लक्षात ठेवायची.

एसी, ओव्हन, भट्टी यांच्या तापमानासाठी ‘टू’ वापरा: ‘सेट द एसी टू २४’. मापनयंत्र शून्यावर आणायचं असेल तर ‘सेट इट टू झीरो’.

कर्मच नसेल तर? मग वस्तू आपण होऊन ‘बसते’: घट्ट होते, धरते किंवा खाली जाते. सूर्य मावळतो, दही लागतं, सिमेंट धरतं, वेलीवर फळ धरतं, या सगळ्यांना कर्माशिवाय ‘सेट’ चालतं. माणूस बसला तर मात्र ‘सिट’. पाहुण्याला ‘प्लीज सेट’ म्हणणं चूक, ‘प्लीज सिट’ किंवा त्याहून अदबीचं ‘प्लीज हॅव अ सीट’. सिट आखूड, सीट लांब, सेट वेगळाच. तिन्ही मोठ्याने म्हणून फरक कानात बसवा, कारण फोनवर तोंड दिसत नाही.

पायरी ४: शेपूट ओळखा

खरी गंमत आणि खरा धोका इथे आहे. ‘सेट’च्या मागे अप, ऑफ, आउट, इन, असाइड, बॅक, अबाउट असं शेपूट लागलं की अर्थ ‘सेट’चा राहत नाही, जोडीचा होतो. म्हणून कोशात नुसतं ‘सेट’ शोधू नका, शेपटासकट शोधा.

सेट अप: उभारणे, जुळवणे. मशीन, कंपनी, मीटिंग, सगळं चालतं. क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे लिहा, नाम असेल तर ‘सेटअप’ जोडून. ‘काल मशीन सेट अप केलं’ हे इंग्रजीत लिहिताना मधे जागा हवीच. आणि माणसाच्या बाबतीत जपून. ‘दे सेट मी अप’ म्हणजे त्यांनी मला खोट्यात अडकवलं. ‘मला नोकरीत स्थिरस्थावर केलं’ असा अर्थ मनात धरून मुलाखतीत हे वाक्य टाकलंत, तर समोरचा भुवया उंचावेल.

सेट इन: पाय रोवणे. सहसा नको असलेल्या गोष्टींसाठी. ‘विंटर हॅज सेट इन’ म्हणजे थंडी मुक्कामाला आली, निफाडचा पारा घसरल्याच्या बातमीत हेच वाक्य शोभेल. कूज, गंज, घबराट यांनाही हेच. चांगल्या गोष्टी ‘सेट इन’ होत नाहीत, म्हणून ‘हॅपिनेस सेट इन’ कानाला खटकतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला ‘ऑनसेट’ म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबात केरळात मान्सूनच्या ‘ऑनसेट’ची सर्वसाधारण तारीख १ जून.

सेट ऑफ: हा ‘ऑफ’ दोन ‘एफ’चा, पहिल्या पायरीतला नव्हे. याचे चार अर्थ चार दुकानांत विखुरलेले. प्रवासाला निघणे हा पहिला. फटाका उडवणे किंवा भोंगा वाजवणे हा दुसरा. तिसरा हिशेबातला: एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वळता करणे. आयकराच्या विवरणपत्रात तो हमखास भेटतो. बँकेच्या कागदात ‘राइट ऑफ सेट-ऑफ’ दिसलं तर थांबून वाचा. थकलेल्या कर्जापोटी तुमच्या ठेवीतली रक्कम वळती करून घेण्याचा हक्क असा त्याचा अर्थ आहे. चौथा छापखान्यातला: ओली शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागणे. लग्नपत्रिकेच्या मागे पुसट उलटी अक्षरं दिसतात ना, ते ‘सेट-ऑफ’. थप्पी उंच रचली किंवा शाई जाड बसली की होतं. त्यावर उपाय म्हणून छापताना बारीक पावडर फवारतात आणि थप्प्या लहान ठेवतात. ‘ऑफसेट’ छपाई वेगळी. तिच्यात प्लेटवरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. नाशिकरोडला प्रेसच्या आसपास वाढलेल्या मुलांना हे शब्द लहानपणापासून माहीत असतात, बाहेरून आलेल्यांची गल्लत होते.

सेट असाइड: सर्वांत महागात पडणारी जोडी. पैसे, वेळ, माल यांच्याबाबत ती ‘बाजूला राखून ठेवणे’. कोर्टाच्या कागदात ‘द ऑर्डर इज सेट असाइड’ म्हणजे आदेश रद्द केला. ‘बाजूला ठेवला, पुढे बघू’ असा त्याचा अर्थ नाही. जमिनीच्या वादात आपल्या बाजूचा आदेश ‘सेट असाइड’ झाल्याचं वाचून निर्धास्त राहिलात, तर अपिलाची मुदत निघून जाईल.

सेट बॅक: मागे रेटणे. नाम झालं की ‘सेटबॅक’, म्हणजे पीछेहाट. पण बांधकाम परवानगीच्या नकाशावर ‘सेटबॅक’ असेल तर ते सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा. नकाशात वाईट बातमी शोधत बसू नका.

सेट आउट म्हणजे निघणे किंवा सविस्तर मांडणे. सेट अबाउट म्हणजे कामाला हात घालणे. ही दोन तुम्हाला लिहावी लागतील असं नाही, वाचताना कळली तरी पुरे.

शेवटी ‘सेट टू’. बातमीत ‘ओनियन प्रायसेस सेट टू राइज’ असं आलं तर ‘कांद्याचे भाव वाढवायचे ठरवले’ असा अर्थ नाही. भाव चढण्याची चिन्हं आहेत, एवढंच. लासलगावात भाव कोणी ‘सेट’ करत नाही, तिथे लिलाव होतो.

शॉपफ्लोअरवर: सेटर, ऑफसेट, रीसेट

सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनच्या, भरतीत ‘ऑपरेटर’ आणि ‘सेटर’ अशा दोन जागा असतात. ऑपरेटर जॉब (घडवायचा तुकडा) लावतो, सायकल (मशीनचा एक फेरा) चालवतो, माप तपासतो. सेटर त्याआधीचं सगळं करतो: जॉब पकडणारे जॉज किंवा फिक्स्चर बसवणं, टूल लावणं, वर्क झीरो (जॉबचा शून्यबिंदू) घेणं, ऑफसेट भरणं आणि पहिला पीस पास करून देणं. मुलाखतीत ‘डू यू नो सेटिंग?’ विचारलं तर हे सगळं येतं का असा प्रश्न असतो. नुसतं ‘येस’ म्हणू नका. कोणत्या कंट्रोलवर, किती टूलची सेटिंग केली ते सांगा. ‘सेटअप टाइम’ म्हणजे आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला पीस निघेपर्यंतचा वेळ. नुसती टूल बदलण्याची मिनिटं मोजलीत तर आकडा खोटा येतो.

‘ऑफसेट’ म्हणजे ठरल्या जागेपासूनचा फरक. ‘जी ५४’ नावाच्या नोंदीत जॉबचा शून्यबिंदू असतो, टूल ऑफसेटमध्ये टूलची लांबी-जागा, आणि वेअर ऑफसेटमध्ये टूल झिजल्यामुळे करायची बारीक दुरुस्ती. नवा मुलगा इथेच फसतो. समजा लेथवर बाहेरचा व्यास ४०.०० हवा आणि माप येतंय ४०.०६. वेअरमध्ये आधीपासून उणे ०.१० आहे. आता अजून ०.०६ कमी करायचं. स्क्रीनखाली दोन बटणं दिसतात, ‘इनपुट’ आणि ‘+इनपुट’. उणे ०.०६ टाइप करून ‘+इनपुट’ दाबलं तर ते जुन्या आकड्यात मिळतं, वेअर उणे ०.१६ होतं आणि पुढचा पीस ४०.०० ला येतो. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसून तिथे उणे ०.०६ बसतं. म्हणजे टूल आत सरकायच्या ऐवजी ०.०४ बाहेर आलं आणि पुढचा पीस ४०.१० चा. ‘सेट’ म्हणजे नवा आकडा बसवणे आणि ‘ॲडजस्ट’ म्हणजे आहे त्यात कमी-जास्त करणे, हा फरक इथे मायक्रोमीटरवर दिसतो. म्हणून बटण दाबण्याआधी जुना आकडा कागदावर लिहा, दाबल्यानंतर नवा आकडा वाचा. बोअर (आतलं भोक) लहान येत असेल तर चिन्ह उलटं, कारण तिथे व्यास वाढवायचा असतो.

‘रीसेट’ म्हणजे पुन्हा मूळ स्थितीत आणणे. अलार्म घालवायला हे बटण दाबतात, ठीक. पण कटिंग चालू असताना नुसतं थांबवायचं असेल तर ‘फीड होल्ड’ दाबा. फीड होल्डनंतर सायकल स्टार्टने काम तिथूनच पुढे चालतं, रीसेटने प्रोग्रॅमच तुटतो आणि सुरुवात कुठून करायची ते सेटरला येऊन ठरवावं लागतं.

पुली शाफ्टवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू तो ‘सेट स्क्रू’. दुकानदाराला ‘ग्रब स्क्रू’ म्हणा, लगेच देईल.

बागेत आणि शेतात

द्राक्षबागेत सगळे दिवस छाटणीपासून मोजतात. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगा फुटला, घड दिसले, फुलोरा आला, आणि मग ‘सेटिंग’. फुलोरा झडून मणी धरले ती अवस्था. ती जात आणि हवामानाप्रमाणे छाटणीनंतर दीड महिन्याच्या आसपास येते. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ-कूज होते आणि घड विरळ राहतो, इंग्रजीत त्याला ‘पुअर फ्रूट सेट’ म्हणतात. बोलताना ‘सेटिंग’ चालेल. निर्यातदाराला किंवा सल्लागाराला लिहून पाठवताना मात्र ‘फ्रूट सेट’ किंवा ‘बेरी सेट’ लिहा, ‘टिंग’ गाळा. ‘द बेरीज हॅव सेट’ म्हणजे मणी धरले. ‘वुई सेट द बेरीज’ म्हणू नका. मणी वेल धरते, आपण नाही.

परदेशी व्हिडिओ पाहून कांदा लावणाऱ्यांना ‘ओनियन सेट्स’ हा शब्द भेटतो. ते बी नव्हे आणि रोपही नव्हे, लागवडीसाठी मुद्दाम लहान ठेवलेले वाळके कांदे. आपल्याकडे बहुतेक लागवड रोपांनी होते, त्यामुळे त्या व्हिडिओतलं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं तर फसगत होते. उसाच्या पत्रकातला ‘सेट’ म्हणजे टिपरी, बेणं. ‘टू-बडेड सेट’ म्हणजे दोन डोळ्यांची टिपरी. याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘टी’ सहसा दोनदा असतो, त्यावरून तो ओळखा.

साइटवर आणि स्वयंपाकघरात

सिमेंट ‘सेट’ होणं आणि सिमेंट मजबूत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकात सुरुवातीचा सेटिंग वेळ किमान ३० मिनिटं, शेवटचा जास्तीत जास्त ६०० मिनिटं. ताकदीची चाचणी मात्र २८ दिवसांची. सेट झालं म्हणजे आकार धरला, एवढंच. म्हणून ‘सेट झालंय’ ऐकून पाणी मारणं थांबवू नका. आणि धरायला लागलेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा सैल करू नका, माल हलतो पण ताकद जाते.

दही: ‘द कर्ड हॅज सेट.’ कोमट दुधात विरजण घालून भांडं न हलवता ठेवायला सांगताना पाककृतीत ‘लीव्ह इट टु सेट’ असतं. डिसेंबर-जानेवारीत नाशकात ते उशिरा लागतं, भांडं गुंडाळून ठेवा.

मराठीतला ‘सेट’ इंग्रजीत नेताना

आपण या शब्दाला घरचं करून टाकलंय आणि घरचे अर्थ इंग्रजीत चालत नाहीत. ‘पोरगा सेट झाला’ म्हणजे नोकरी-घर झालं. इंग्रजीत ‘ही इज सेट’ म्हणजे तो तयार आहे. तिथे ‘सेटल्ड’ वापरा. ‘ऑफिसात त्याची सेटिंग आहे’ यातली सेटिंग इंग्रजी कोशात नाही. तिथे ‘सेटिंग’ म्हणजे कथेची पार्श्वभूमी, मशीनची किंवा मोबाइलची रचना, दागिन्यातलं कोंदण. ‘दोघांची सेटिंग आहे’ हेही तसंच, भाषांतर करायला जाऊ नका. ‘बॅट्समन सेट झालाय’ मात्र बिनधास्त न्या, समालोचकही ‘सेट बॅट्समन’ म्हणतात. जिममधले ‘१२ चे तीन सेट’ही तसेच जातात: ‘थ्री सेट्स ऑफ ट्वेल्व्ह’. ‘अपसेट’ मनासाठीही चालतो आणि पोटासाठीही. शिवाय खेळाच्या बातमीत ‘अपसेट’ म्हणजे दुबळ्याने बलवानाला हरवणं.

पायरी ५: वही आणि सराव

शंभर पानी वही घ्या, चार रकाने आखा: वाक्य, कर्म, शेपूट, मराठी क्रियापद. रोज पाच वाक्यं, तीन आठवडे. वाक्यं स्वतः रचू नका, समोर दिसतील ती टिपा: मशीनची पाटी, बँकेचा मेसेज, वर्तमानपत्राचा मथळा, औषध फवारणीचं पत्रक, सोसायटीची नोटीस. साधारण शंभर नोंदी झाल्या की तेच ते अर्थ फिरून येताना दिसतील. चौथा रकाना रिकामा राहिला तरच कोश उघडा. नाम असेल तर नामाची नोंद, शेपूट असेल तर नोंदीच्या शेवटी दिलेल्या जोड्या, आणि क्रियापदाची मुख्य नोंद सर्वांत शेवटी, कारण ती वाचता वाचता माणूस हरवतो.

आता ही सहा वाक्यं सोडवा, मग खालची उत्तरं पाहा.

१. द सेटर सेट द सेटअप येस्टरडे.
२. प्लीज सेट असाइड टू क्रेट्स फॉर मी.
३. द कोर्ट सेट असाइड द नोटीस.
४. द पेंट हॅज नॉट सेट.
५. शी इज डेड सेट ऑन पुणे.
६. धिस सेट इज फॉर सेट स्क्रूज.

उत्तरं. १: सेटरने काल सेटअप लावला. पहिला ‘सेट’ माणसाच्या नावात, दुसरा क्रियापद, तिसरा नाम, आणि ‘येस्टरडे’मुळे भूतकाळ. २: माझ्यासाठी दोन क्रेट बाजूला ठेवा. ३: कोर्टाने नोटीस रद्द केली. ४: रंग अजून धरला नाही, बोट लावू नका. ५: तिने पुण्याचाच हट्ट धरलाय. इथे ‘डेड’चा मरणाशी संबंध नाही, ते ‘पुरतं’ या अर्थी आहे. ६: हा संच ग्रब स्क्रूंसाठी आहे, म्हणजे बहुधा ॲलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा). पान्यांच्या खणात शोधत बसू नका.